मांडवातून गेलेलं गाणं

माघ सरत आला की आमच्या शेलार गावच्या रस्त्याला हळदीचा वास येतो. लोक म्हणतील, बाई, भिवंडीच्या रस्त्याला कसला आलाय हळदीचा वास? तिथे डिझेलचा वास, धुळीचा वास. असू दे. तुमचं नाक तुमच्यापाशी. गोडाऊनच्या निळ्या पत्र्यांच्या मधोमध आमची घरं अजून आहेत आणि या दिवसांत त्यांच्यापुढे बांबू येऊन पडतात. ताडपत्री ताणली जाते, अंगण सारवायला शेणाची शोधाशोध होते, कारण ढोरं आता राहिलीत कुठे? शेजारच्या घरात ओली हळकुंडं उकडायला ठेवली की तो कडसर, मातकट वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात येतो आणि माझं जेवणावरचं लक्ष उडतं.

एके काळी मी या मोसमाची वाट बघायची. आता बरीच वर्षं झाली, मला तो नकोसा होतो. मेला तो डीजे घराची तावदानं हलवतो म्हणून नव्हे. त्या सगळ्या दणदणाटात एक गाणं नसतं म्हणून. ते माझ्या आईचं होतं. माझ्या भावाने ते नेलं, साऱ्या देशाला दिलं आणि त्यानंतर ते आमच्या मांडवात कोणाला नको झालं.

माझी आई धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नात गाणी म्हणून विधी लावणारी बाई. भटजी नंतर येतो. त्याच्या आधी मांडवाचा ताबा तिच्याकडे. उंबराची डहाळी आली की एक धवला, जात्याला सूत बांधलं की एक, नवरीला पाटावर बसवलं की एक. धवला म्हणजे हे गाणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा धवला हळदीचा. सवाष्णी जात्यावर हळद दळायला बसतात, आई खुंट्यावर हात ठेवून पहिली ओळ उचलते आणि मगच ती हळद नवरीला लागते. तो म्हटला नाही तर हळद नुसती फासली असं समजायचे.

आता हा धवला काही गंभीर वगैरे नव्हता हो. उलट चावट होता.

'पाटावर बसली नवरी गो,
आत्या रुसली कोपऱ्याला,
हलद लावा आत्याला गो,
मंग लावा नवरीला.'

'आत्या रुसली' आलं की बायका खऱ्या आत्याला धरून आणायच्या, तिच्या गालाला हळद फासायच्या, ती शिव्या घालायची आणि मांडवभर हसू पसरायचं. जात्याची घरघर आणि गाण्याची लय एकच. भरभर. दम लागेल इतकी भरभर. माझ्या लग्नात आईने माझ्या आत्याला अशी पळवली होती की तिचा अंबाडा सुटला. मी पाटावर बसून इतकी हसले की तोंडात हळद गेली. ती चव अजून आहे.

आमचा दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ जनार्दन, याच जात्याशेजारी वाढला. आई दळायची, हा मांडी घालून ऐकायचा. शाळेत दिवे लावले नाहीत, पण हातात बेंजो आला आणि गावाला कळलं की हे पोर वेगळं आहे. आमच्या गावच्या बेंजो पार्टीत तो वाजवायला लागला तेव्हा लोक हळदीची तारीख त्याला विचारून ठरवायचे. त्याच्या बेंजोवर काठी टेकत चालणारे म्हातारेही दोन पावलं नाचून जायचे. मग भिवंडीत पॉवरलूमवाल्यांच्या कव्वालीला जाऊन बसायला लागला. तिथे पेटी शिकला, उर्दू शिकला, 'वाह' कुठे म्हणायचं ते शिकला. बापूस चिडायचा, भात कोण लावणार म्हणून. आई म्हणायची, "जाऊ द्या त्याला. त्याच्या हाताला नांगर न्हाय बसत."

मुंबईला गेला तो पुढची कित्येक वर्षं दुसऱ्याच्या नावाखालीच राहिला. मोठ्या संगीतकारांच्या हाताखाली वाद्यमेळ बसवायचा, नोटेशन लिहायचा, सकाळच्या शिफ्टला वादकांना गोळा करायचा. सणाला आला की आम्ही विचारायचो, 'दादूस, यातलं तुझं कुठलं?' तो म्हणायचा, 'त्या मधल्या बासऱ्या आहेत ना, त्या.' आम्ही रेडिओला कान लावून मधल्या बासऱ्या ऐकायचो आणि गायकाने परत तोंड उघडलं की आई आवाज बारीक करायची.

मग त्याला त्याचा सिनेमा मिळाला. होळीच्या सुमाराला दादूस घरी आला, आईजवळ बसला आणि म्हणाला, "आय, तुजा हलदीचा धवला मी पिक्चरला घेतू. घेऊ ना?"

आईला काय आनंद झाला! "घे की! मना कनाला विचारतंस? पिक्चरमदी लगीन हाय का?"

"हलद हाय," तो म्हणाला.

खोटं बोलला नाही. हळदच होती.

सिनेमा लागला त्या आठवड्यात आई अख्ख्या गावच्या बायका घेऊन भिवंडीला निघाली. एरवी काथ्याच्या गोणी वाहणारा टेम्पो. त्यात नऊवारी नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायका. मांडवाला निघाव्यात तशा. आईने तर आपलं मानाचं हिरवं लुगडं काढलं होतं. थेटरात बहुतेक लूमवरचे कामगार, ड्युटी सुटून आलेले, डोक्यात अजून सुताचा भुगा. त्यांनी आमच्या बायकांना बघून जागा करून दिली.

आणि मग ती हळद आली. पडद्यावर मांडव, पाट, पिवळी नवरी. आईने माझा हात दाबला. बासरी सुरू झाली. मी लगेच ओळखली, ती आमचीच चाल होती. पण हळू. किती हळू म्हणून सांगू! एकेक सूर जणू पाय ओढत चालला होता. शब्द कुठल्या तरी कवीचे होते. आणि जिथे 'आत्या रुसली' यायचं, जिथे आमच्या बायकांच्या जिभेवर हसू तयार होतं, बरोबर तिथे ती नवरी पाटावरून कलंडली, तिचा हळदीचा हात जमिनीवर पडला आणि सूर लांबत लांबत गेला. नवरी मेली होती. विष दिलं होतं कोणीतरी.

थेटरात हुंदके. आमच्या रांगेत मात्र कोणी हललंसुद्धा नाही. माझ्यापलीकडच्या काकीने गजरा काढून मुठीत धरला होता.

मध्यंतरात मागच्या रांगेतला एक लूमवाला डोळे पुसत आईला म्हणाला, "क्या गाना है, अम्मा. कलेजा काट के रख दिया."

आई मागे वळली. "वो हलदी का है भाई," ती म्हणाली. "हसने का गाना है."

त्याने मान हलवली आणि चहा आणायला गेला. आम्हाला त्याने चहा पाजला, हेही सांगायला हवं.

दादूस संध्याकाळी घरी आला, कसं वाटलं विचारायला. मी भांडायच्या तयारीत होते. आई म्हणाली, "गाना चांगला झालाय." एवढंच. पुढे तिने त्याला कधी एका शब्दाने दुखावलं नाही, आणि मला त्याच गोष्टीचा राग येतो. घालायच्या होत्या ना शिव्या! आमच्या आगरणींना काय शिव्यांची वाण आहे?

गाणं मात्र असं चाललं की विचारू नका. रिक्षात, पानाच्या गादीवर, लूमच्या खटखटाटावरून ओरडणाऱ्या रेडिओवर. दादूसला बक्षिसं मिळाली, हारतुऱ्यांतले फोटो छापून आले. आणि सिनेमानंतरच्या पहिल्याच वैशाखात गावातल्या एका हळदीला, आई जात्यापाशी बसल्यावर नवरीच्या आईने हळूच तिच्या कानात सांगितलं, "मावशे, तेवढा सोडून बाकी सगले म्हन. उगा कशाला?"

आईने सोडला. दुसऱ्या मांडवात परत तेच. तिसऱ्या मांडवात तिला सांगावंही लागलं नाही, नुसत्या बायकांच्या माना खाली गेल्या. त्या मोसमाच्या शेवटी आई घरी आली, मानाचं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "अर्दा मांडव मी न्हाय लावत." झालं. पुढच्या सालापासून बोलावणं आलं की ती गुडघ्याचं कारण सांगायची. गुडघे तेव्हा चांगले होते. हळूहळू बोलावणी थांबली आणि धवल्याच्या जागी डीजे आला.

नंतर भिवंडीत दादूसचा सत्कार झाला. आईलाही स्टेजवर बसवली, तिच्याशेजारी मला, आणि तिला शाल दिली. निवेदक होता एक, आवाज खर्जातला. म्हणाला, "ज्या माउलीच्या काळजातल्या दुःखातून हे अजरामर गीत जन्मलं..." टाळ्यांचा कडकडाट. आई माझ्याकडे वाकून म्हणाली, "कंचा दुख गो?" बघ, समोर बसलाय, असं म्हणावंसं वाटलं. दादूस हात जोडून हसत होता. त्याच्याकडे बघून मात्र मला रडू आलं.

कारण त्या गाण्याने त्यालाही सोडलं नाही हो. त्यानंतर जो येईल तो त्याला म्हणे, 'जनार्दनजी, तसंच काहीतरी द्या.' तसंच म्हणजे हळू, तसंच म्हणजे काळीज कापणारं. ज्याच्या बेंजोवर म्हातारे नाचायचे, त्याने वर्षानुवर्षं लोकांना रडवण्याचं काम केलं. एकदा त्याने नाचाचं गाणं केलं तर निर्माता म्हणाला, हे तुमचं वाटत नाही. अंधेरीला त्याच्या घरी कपाटावर तो जुना बेंजो आहे, गवसणीत. तारा गंजल्यात. टीव्हीवर परीक्षक म्हणून तो बसतो, पोरंपोरी तेच गाणं गातात, तो डोळे पुसतो आणि खाली लिहून येतं की गुरुजी भावुक झाले. आता तर कोणी गेलं की मोबाईलवर फोटो फिरतो, दिवा तेवत असतो आणि मागे आमची हळद वाजत असते. माझ्या त्याच आत्याचा, अंबाडा सुटलेल्या आत्याचा फोटोसुद्धा त्याच चालीवर फिरला. मी तो उघडला आणि मोबाईल पदराखाली दाबून धरला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

हे सगळं मी मनात मिटवून ठेवलं होतं. पण या मोसमात माझ्याच दारात बांबू पडले. माझी तन्वी, एकुलती एक पोर, ठाण्याला लॅबमध्ये नोकरीला. जमलेला मुलगा अंबाडी गावचा, हार्डवेअरचं दुकान, माणसं चांगली. आणि पोरीने हट्ट धरला. "आजी, माझ्या हळदीला तू तोच धवला म्हणायचास. नाहीतर मी पाटावर बसत नाही."

आई माझ्याकडेच असते. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये तिला श्वास पुरत नाही. ती ऐंशीच्या पुढे गेलीय, आवाज थरथरतो. पण मी तिला त्या दिवशी दुपारी जातं पुसताना पाहिलं.

दोन दिवसांनी मुलाच्या मावशीचा अंबाडीहून फोन आला. फार गोड बोलल्या. "ताई, राग नका मानू. आम्ही काही मानणारे नाही. पण ते गाणं तेवढं... घरात म्हाताऱ्या माणसांच्या मनात येतं."

आता खरं सांगते. मी जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं म्हणून. आणि तो फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. पोटची पोर हळद लावून पाटावर बसणार आणि तो सूर तिच्या डोक्यावरून जाणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. त्या पडद्यावरच्या पोरीचा पडलेला हात मला दिसत होता. मी तन्वीला म्हटलं, "राहू दे ना गो." ती म्हणाली, "मम्मी, तू पण?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हळदीच्या संध्याकाळी दादूस आला. पांढरा झब्बा, पोरांची सेल्फीसाठी झुंबड. अंबाडीहून उष्टी हळद घेऊन मावशी आल्या, सोबत चार बायका. डीजेवाले जेवायला गेले होते, म्हणून जरा शांतता होती. तन्वी पाटावर. सवाष्णींनी जात्याला सूत गुंडाळलं, हळकुंडं घातली. आई भिंतीशी बसली होती, तेच हिरवं लुगडं नेसून. मला माहीतही नव्हतं ते अजून पेटीत आहे.

तन्वी म्हणाली, "आजी, म्हण."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. आईने आमच्या दोघींकडेही बघितलं नाही. ती मांडवाच्या खांबाकडे बघून म्हणाली, "जनू, हिकडं ये."

दादूस आला, खाली बसला.

"गाना तू नेलास ना?" आई म्हणाली. रागाने नाही, वाटी मागावी तशी. "मंग तूच आन. जितून नेलास तितं ठेव."

पुरुष धवला म्हणत नाहीत. दोनचार पोरी तोंडाला पदर लावून खिदळल्या. दादूस हसला नाही. त्याने जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. 'पाटावर बसली...' आणि लगेच कळलं. थेटरातलंच. तेच पाय ओढत चालणं.

"रडतंस कनाला?" आई म्हणाली. "तुज्या भाचीची हलद हाय."

त्याने पुन्हा केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मांडीवर हाताने ठेका धरून केली, तरी दुसऱ्या ओळीला सूर लोंबला. कपाळावर घाम. एवढा मोठा माणूस, शेकडो वाद्यं एका बोटावर चालवणारा, आणि चार ओळींचं गाणं त्याला घरी आणता येईना. "आय, तू उचल," तो म्हणाला. "मी मागून येतू."

आईने खुंटा हातात घेतला. जातं फिरलं. आणि तिने पहिली ओळ उचलली, भरभर! काय सांगू तुम्हाला. आवाज थरथरत होता, पण लय तीच, घरघरीवर स्वार झालेली. जुन्या बायकांचे चेहरे उजळले. माझी भीती कुठल्या कुठे गेली. मी उठले, आत्या म्हणून माझ्या नणंदेला धरायला. आणि तेवढ्यात 'आत्या रुसली' आलं, आणि तिथे, बरोबर तिथे, आईचा सूर खाली गेला आणि लांबला.

तिलाही ऐकू आलं. ती थांबली. जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

"माजा पन तुज्यावानीच झाला रं, जनू," ती म्हणाली.

मग अंबाडीच्या मावशी, फोन करणाऱ्या त्याच, ताट खाली ठेवून पुढे आल्या. "माझ्या हळदीला तुम्हीच होतात," त्या आईला म्हणाल्या. "थांबा, मला येईल." त्यांनी म्हणून पाहिलं. नाही आलं. आमच्या काकीने पाहिलं. मी पाहिलं. सगळ्यांचं तिथे येऊन हळू होई, सगळ्यांच्या कानात तो सिनेमा बसलेला. शेवटी आईने वाटीत बोटं बुडवली आणि तन्वीच्या गालाला हळद लावली, न गाता. मग डीजेवाले जेवून परत आले.

तन्वी सुखात आहे. रोज फोन करते, नवऱ्याच्या तक्रारी हसत हसत सांगते. काही म्हणजे काही वाईट झालं नाही. माझी भीती खोटी ठरली, पण त्या भीतीने जे घालवलं ते काही परत आलं नाही.

दादूस हल्ली कामं सोडून येतो. अंधेरीहून इथवर ट्रॅफिकमध्ये दोनदा कंटाळून पोचतो आणि चहासुद्धा न घेता जात्यापुढे बसतो. मूठभर तांदूळ घालतो आणि दळतो. झब्ब्याच्या बाह्या वर, बोटांना फोड आलेत. परवा मी दारातून बघत होते. तो म्हणाला, "आय, म्हन ना. मी जोरात फिरवतू, तू नुसती म्हन."

आईने तोंड उघडलं. मग मिटलं, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे बंद केले.

"तू दल," ती म्हणाली. "मी आयकतंय."

तो दळत राहिला.